आठ तारांची वाटणी

कस्टमर केअरच्या मुलीवर मी ओरडले तेव्हा आई हातात लाटणं घेऊन बाहेर धावत आली. तिला वाटलं, मला विंचू चावला.

"मॅडम, एकदा बॉक्स बंद करून चालू करून बघा," ती मुलगी गोड आवाजात सांगत होती. हेच तिनं सकाळी सांगितलं होतं, किंवा तिच्यासारख्या आवाजाच्या दुसरीनं. केलं, मी म्हणाले. "वायर घट्ट लावली आहे का?" लावली. "मग तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम असेल, मॅडम. आमच्याकडून लाइन पूर्ण दिसते." तिथे माझा आवाज चढला. मला खरं म्हणजे ओरडता येत नाही. कॉलेजात माझी हजेरी चुकीची लागली तर मी सरांच्या खोलीपर्यंत जायचे आणि काही न बोलता परत यायचे. त्या दिवशी मात्र मी फोनमध्ये ओरडले, आणि ती मुलगी म्हणाली, "आपला दिवस शुभ असो." फोन बंद.

मी यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. परीक्षा झाली, हॉस्टेल सुटलं, मी आर्णीजवळच्या आमच्या गावी परत आले. पुढे एम.एस्सी. करायचं होतं, पण बाबा म्हणाले होते, पुढचं तुझं तू बघ. ते रागानं नाही म्हणाले. त्यांच्याकडून जेवढं झालं तेवढं त्यांनी केलं होतं, ते मला कळत होतं. अशात पुण्याच्या एका कंपनीनं मला घरून करायच्या कामासाठी निवडलं. लोकांच्या तक्रारी व्हिडिओवर ऐकायच्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरची अडचण सोडवायची. अट एकच होती. नेट वायरचं पाहिजे, वायफाय चालणार नाही, मोबाईलचं तर नाहीच. शनिवारी संध्याकाळच्या आत त्यांच्या पानावर वेगाची चाचणी पास झाली पाहिजे, नाही तर जागा दुसऱ्याला. किमान पंचवीस एमबीपीएस हवे होते. माझ्याकडे कधी तीन यायचे, कधी दोन. संध्याकाळी तर चाचणी अर्ध्यावरच बंद पडायची.

दुसऱ्यांच्या नेटची अडचण सोडवायचं काम मला मिळणार होतं, आणि माझंच नेट मला सुधारता येत नव्हतं. याचा राग किती येतो ते ज्याला आला त्यालाच कळेल.

आमचं घर आधी एकच होतं. मी शाळेत असताना वाटणी झाली आणि मध्ये विटांची भिंत आली. रस्त्याकडचा भाग मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. मागचा आमचा. विहीर दोघांत, एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. गेल्या दिवाळीनंतर गावात नेट आलं तेव्हा लाइनही दोघांत एकच घेतली. बॉक्स अर्थातच मोठ्या बाबांच्या समोरच्या खोलीत, कारण थोरलेपण त्यांचं आणि रस्ताही त्यांच्याकडे. तिथून एक वायर माळ्यावरून मागे येते. भिंतीच्या त्या बाजूला त्यांचा टीव्ही आहे. त्याच्यासाठी वायर तिथे फुटते, आणि उरलेली भिंतीतल्या भोकातून आमच्याकडे येते. भोकाखाली माझं टेबल.

जे जे करता येतं ते मी सगळं केलं. लॅपटॉपमधली नेट चालवणारी जुनी फाइल काढून नवी टाकली. घरातले मोबाईल बंद केले. आईनं विचारलं, "मोबाईल बंद केल्यानं तुह्या वायरीत जास्त येते काय?" मी तिच्यावरही खेकसले. मग सेटिंगमध्ये पाहिलं तर वायर लॅपटॉपशी फक्त दहाच्या वेगानं बोलत होती. शंभराला जोडली जायला पाहिजे ती दहाला. म्हणजे पंचवीस येणं शक्यच नव्हतं. मी तिथं ते जबरदस्तीनं शंभर केलं, तर नेट पूर्ण गेलं. परत दहा केलं, तर आलं. आणि त्या दहातलेही दोन-तीनच हाती लागत होते.

लाइन टाकणाऱ्या वायरमनला फोन केला. "ताई, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी, "ताई, उद्या." तिसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही. या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मी त्याला मनातल्या मनात फार बोलले.

गुरुवारी दुपारी लॅपटॉप आणि मैत्रिणीची एक छोटी वायर घेऊन मी मोठ्या बाबांकडे गेले. ते शेतात होते. मोठ्या आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "बस व बाई, आपलंच घर हाय." मी छोटी वायर थेट बॉक्सला लावली, खाली जमिनीवर बसले आणि चाचणी केली. शहाण्णव. मी परत केली. परत शहाण्णव. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं, कारण आठवडाभर मी स्वतःला, लॅपटॉपला आणि त्या फोनवरच्या मुलीला दोष देत होते, आणि दोष माळ्यावरच्या वायरीत होता.

घरी येऊन मी आमच्या टोकाचा प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरला. नेटच्या वायरीत आठ तारा असतात, प्लगमधून त्या दिसतात. आमच्या प्लगमध्ये चारच होत्या. एवढं चालतं, चार तारांवर शंभर येतात, हे मी शिकले होते. पण त्या चारही पांढऱ्या होत्या. पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी, पांढरी-निळी, पांढरी-तपकिरी. एकही पूर्ण रंगाची नव्हती.

हे कळायला थोडं सांगावं लागेल. या आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. पूर्ण नारिंगीबरोबर तिची पांढरी-नारिंगी, असं. प्रत्येक जोडी कारखान्यातच एकमेकींना पीळ घालून येते. त्या पिळामुळे बाजूच्या तारांचा गोंधळ त्यांच्यात शिरत नाही. जोडी फोडली, एक तार एकाला आणि तिचीच जोडीदार दुसऱ्याला दिली, तर एकाचं सगळं दुसऱ्याच्या तारेत शिरतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

बाबा बैलांना पेंड टाकत होते. मी प्लग घेऊन तिथेच गेले.

"बाबा, ही वायर अशी कोणी लावली?"

"वायरमननं. काहून?"

"चार पांढऱ्याच कशा आल्या आपल्याकडे?"

बाबांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, मी कौतुकानं विचारते आहे. "वाटल्या ना त्या. वायरमनपाशी वायर एकच उरली होती. म्हने, आठ तारा हायेत, दोघांचं भागते. मग दादानं वाटे मांडले खाटेवर. पुऱ्या रंगाच्या चार एकीकडं, पांढऱ्या चार एकीकडं. मले म्हने, उचल."

आमच्याकडे वाटणीची रीत अशी आहे. थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे मांडणारा लबाडी करत नाही, कारण उरेल ते त्याला घ्यायचं असतं. शेत असंच वाटलं, भांडी अशीच वाटली, आणि या दोघा भावांनी इंटरनेटची वायरही तशीच वाटली.

"आणि तुम्ही पांढऱ्या उचलल्या?"

"मंग? पुऱ्या रंगाच्या चांगल्या दिसत होत्या, म्हटलं दादाले राहू द्या. मोठा हाय तो."

उचलायचा हक्क यांचा, आणि यांनी दरवेळी कमी दिसेल तेच उचललं. विहिरीकडचं शेत मोठ्या बाबांना, खडकाळ आम्हाला. पितळेची घागर त्यांना. "वायरमन काहीच बोलला नाही?" मी विचारलं.

"बोलला ना. म्हने, काका, कशाबी घ्या, लाइट पेटला म्हंजे झालं."

शुक्रवारी मी आर्णीला गेले. कॅमेरे बसवणाऱ्या एका दुकानातून प्लग विकत घेतले आणि प्लग दाबायची पक्कड दोन दिवसांसाठी मागून आणली. आता फक्त जोड्या नीट करायच्या होत्या. नारिंगी आणि हिरवी जोडी एका घराला, निळी आणि तपकिरी दुसऱ्याला. दोघांनाही शंभर मिळाले असते. पण त्यासाठी बॉक्सकडचं टोक आणि टीव्हीमागचं टोक, दोन्ही सोडवावी लागणार होती, आणि दोन्ही मोठ्या बाबांच्या घरात.

मी बाबांना बरोबर चला म्हणाले. ते आले, पण उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभे राहिले, पाहुण्यासारखे. मोठे बाबा टीव्ही पाहत होते. चित्र थांबायचं आणि मध्ये एक गोल फिरत राहायचा. मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "आली? बरं झालं. तू थे कॉम्प्युटर लावून बसली का आमचा टीव्ही गरगर फिरते. किती वढता तुम्ही नेट! अर्ध्याचं अर्धं घ्यावं मानसानं."

म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं की आम्ही त्यांचा वाटा खातो. आणि आई मला रोज म्हणायची की तेच खातात.

मी त्यांना समजावलं. तारा दाखवल्या, पीळ दाखवला, अगदी हळू, चिडायचं नाही असं ठरवून. मी म्हणाले, "मोठे बाबा, मी आत्ता घरी जाऊन माझी वायर काढते, तुम्ही टीव्ही बघा." मी धावत गेले, वायर काढली, धावत परत आले. चित्र एकदम स्वच्छ चालू होतं. मला वाटलं, आता पटेल.

"पाह्य!" मोठे बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्हनलो होतो का नाई! तू काढली, आमचं सुधरलं. कोन खात होतं मंग?"

"कोणीच खात नाही, मोठे बाबा. तारांची वाटणी चुकली आहे. ती परत करावी लागेल. अर्धा तास लागेल फक्त."

वाटणी हा शब्द मी तिथे काढायला नको होता बहुतेक. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "एकदा वाटे पडले का मोडत नसते. तुह्या बापानं सोताच्या हातानं उचलल्या. आज तार मोडशीन, उद्या म्हनशीन धुरा मोडा. आपल्याकडं असं नसते."

"ही तार आहे, शेताचा बांध-धुरा नाही!"

"शिकली म्हनून मले शिकवते काय व?"

"हो," मी म्हणाले. "यातलं मी शिकले आहे, तुम्ही नाही शिकलात. तुम्ही चुकीचं वाटलं. उद्या संध्याकाळपर्यंत हे झालं नाही तर माझं काम जाईल, आणि तुमचा टीव्ही असाच गरगर फिरेल, आणि तुम्ही इथे बसून म्हणाल, पोट्टी खाते!"

मी बाबांकडे पाहिलं. मला एवढंच पाहिजे होतं की त्यांनी म्हणावं, दादा, पोरगी बरोबर म्हणते, करू दे. बाबा म्हणाले, "चाल घरी." आमच्या बाजूला आल्यावर म्हणाले, "मोठ्याले असं बोलत नसते. जाऊ दे. मोबाईलवर होते का पाह्य."

मोबाईलवर चालत नाही हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं. मी जेवले नाही. मोठ्या बाबांपेक्षा मला त्या "जाऊ दे"चा राग जास्त आला होता. विहिरीकडचं शेत जाऊ दे, घागर जाऊ दे, आता माझं काम जाऊ दे.

शनिवारी सकाळी मोठे बाबा फवारणीला गेले आणि भिंतीच्या त्या बाजूनं ठकठक झाली. मोठी आई होती. भोकातून तिचा आवाज आला, "ये व पोरी. पक्कड घेऊन ये."

मी गेले तर तिनं टीव्ही बंद करून, त्याच्यावरचं कापड घडी करून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मोठे बाबा रागावतील."

"रागावू दे. वाटे मांडले तवा मले कोनं पुसलं होतं? तुह्या मायले कोनं पुसलं होतं? मले सांजची मालिका पाहाले भेटत नाई, थे कोनाले सांगू? कर तू."

मी टीव्हीमागचा प्लग कापला. आमच्याकडच्या पांढऱ्या तारा भोकातून ओढून आणल्या, जोड्या जुळवल्या, नारिंगी आणि हिरवी जोडी परत भोकातून पलीकडे सारली. पिळलेला भाग होता तिथपर्यंत पुन्हा पीळ दिला. पलीकडून आईनं टोकं ओढून घेतली. ती ओरडत होती, "आली, आली, हिरवी आली!" पहिला प्लग माझ्या हातून फुकट गेला, तारा मागेपुढे झाल्या. मोठी आई मोबाईलचा उजेड धरून उभी होती. ती म्हणाली, "वाती वळल्यासारखं कर, घाई नोको करू." बॉक्सकडची दोन टोकं मी मोरीजवळचं स्टूल आणून त्यावर चढून केली. मानेला रग लागली होती.

मग घरी येऊन वायर लावली. सेटिंगमध्ये शंभर दिसलं. मोठ्या आईला टीव्ही लावायला सांगितला आणि चाचणी केली. टीव्ही चालू असताना त्र्याण्णव. कंपनीच्या पानावर हिरवी खूण आली आणि खाली लिहून आलं की सोमवारी सकाळी हजर राहा. भिंतीपलीकडून मालिकेतल्या बायकांचं भांडण स्वच्छ ऐकू येत होतं.

संध्याकाळी मोठे बाबा घरी आले. त्यांना मोठ्या आईनंच सांगितलं, लपवलं नाही. आमच्याकडे निरोप आला. मी आणि बाबा गेलो. टीव्ही चालू होता, कुठेही थांबत नव्हता. मोठे बाबा तो पाहत होते. मला मूर्खासारखं वाटलं की आता ते म्हणतील, बरं केलं.

"आता चालते," ते म्हणाले. "म्हंजे अगोदर खात होते ना तुम्ही? आता सोडलं खानं. बरं झालं, कबूल तं झालं."

मी तोंड उघडलं. त्याआधी बाबा बोलले. "हो दादा. पोरीचं चुकलं. न पुसता हात लावला."

"असू दे," मोठे बाबा म्हणाले. "लहान हाय."

अंगणात आल्यावर मी विचारलं, "बाबा, माझं काय चुकलं?"

"काई नाई चुकलं."

"मग तुम्ही काहून म्हटलं?"

बाबांनी पायातली चप्पल काढली, झटकली. "बॉक्स कोनाच्या घरात हाय? बटन कोनाच्या हाताशी हाय? तुले सोमवारपासून रोज काम कराचं हाय ना? मंग."

ते माझ्यासाठीच खोटं बोलले होते. हे कळलं, आणि त्यानं राग कमी झाला नाही, वाढलाच. रोज एका माणसाच्या मर्जीवर बसायचं आणि त्याबद्दल न केलेली चूक कबूल करायची, हे मला जमणारं नव्हतं. बाबांना जमतं. त्यांना ते जमलं म्हणून मी कॉलेजात गेले, असंही असेल. मला नीट माहीत नाही.

सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी मोठ्या बाबांकडे गेले. बाबांना सांगितलं नाही. मोठे बाबा दाढी करत बसले होते, बॉक्सच्या खालीच.

"मोठे बाबा," मी म्हणाले. या वेळी आवाज चढवला नाही. "आम्ही तुमचा वाटा कधीच खाल्ला नाही. बाबा परवा जे म्हणाले ते तुमचा मान ठेवायला म्हणाले. माझं चुकलं नव्हतं."

त्यांचा वस्तरा गालावर थांबला. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून बॉक्सकडे पाहिलं. उठून हात वर केला असता तर बटनापर्यंत पोचला असता. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं, पण मी तिथून हलले नाही.

"चहा ठेव व, पोट्टी आली," ते आत मोठ्या आईला म्हणाले आणि गाल पुसू लागले.

चहा नको, कामाची वेळ झाली, असं मी म्हणाले आणि घरी येऊन लॅपटॉपला वायर लावली.